हॉस्पिटलांची रेघ

हॅलो? … हो, मीच. … अगं बोल ना, मीच बोलतेय. आवाज घुमतोय कारण मी पॅसेजमध्ये उभी आहे, हॉटेलच्या. आत हॉलमध्ये धड रेंज नाही, मेसेज तेवढे येतात, बोलता येत नाही. … छे, वायफाय कुठलं. सकाळपासून बंद आहे. पुढची दहा वर्षं केबलमधून काय वेगानं काय धावणार ते ठरवायला एवढी माणसं जमलीत, आणि हॉटेलवाल्याला एकजण सांगत नाही की बाबा रे, तुझा तो डबा बंद करून परत चालू कर. … तू हस. मला नाही हसू येत. मला शिसारी आलीय.

काय? … सही? कसली सही? … थांब, छोटे, एका दमात नको. तुझे मोठे साहेब… हां… अख्ख्या हॉस्पिटलचं नेटवर्क नवीन… आणि शिफारस तू करायची. तुझ्या सहीनं. … आजच? … तो विकणारा बाहेर बसलाय? चहा पीत. वा.

आणि तुझं काय म्हणणं आहे? … तेच ना, आधी जुन्या इमारतीतल्या तारा बदला. … माहीत आहे गं मला, एक्स-रेच्या खोलीतून फोटो वर डॉक्टरांपर्यंत जात नाही, मधेच अडकतो, दहादा सांगितलंयस. … आणि साहेब म्हणतात, त्या तारांचं राहू दे, हे पुढच्या पिढीचं घेऊन टाकू. … हं. पैसे एकदाच मिळणार, म्हणजे हे तरी नाहीतर ते तरी. आणि हे घेतलं की जुनी इमारत परत तशीच लोंबकळत.

मग मला कशाला विचारतेस? … हो, मी त्या समितीत आहे. … हो, अंदाज काढणाऱ्या गटाची प्रमुख मीच. म्हणून तर म्हणते, आजच्या दिवशी मला विचारू नकोस. नाही… नाही, उलट आजच विचार. आत्ता जेवणाच्या सुट्टीआधी काय झालं ते ऐक, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. … अगं ऐक ना. साहेबांना म्हणावं, दोन मिनिटं.

तर. तू ती केबल खोचतेस ना, कुठल्याही कंपनीची, कुठल्याही डब्यात, आणि ती गुमान बसते. ती आमच्यामुळे बसते. आम्ही इथरनेटचं स्टँडर्ड ठरवतो, मग सगळे त्या मापाचं बनवतात. आता पुढचा वेग काढायचा की नाही, यावर आज मतदान आहे, सुट्टी संपली की लगेच. … किती पट ते सोड. खूप पट. पण नियम काय आहे माहितीय? चार बड्या कंपन्यांना हवंय म्हणून नवं स्टँडर्ड काढता येत नाही. सगळ्यांना लागणार आहे हे दाखवावं लागतं. शाळा, कारखाने, बँका, हॉस्पिटलं. ते दाखवायचं काम माझ्या गटाकडे.

आणि ते दिसत नाहीये गं. मी दोन वर्षं घासलीत यात. बड्यांची रेघ वर जाते, मान्य, जाऊ दे. बाकीच्यांची आडवी पडलीय जमिनीवर. शाळांची आडवी, कारखान्यांची आडवी. खरे आकडे आहेत. मी तसंच मांडलं. … कोणाला आवडणार? अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, अहवाल चांगला आहे, फक्त सूर जरा निराशेचा वाटतो. सूर. मी काय भजन म्हणतेय?

मग उठला पट्टीवाला. … अगं मी म्हणत नव्हते का, तो उंच, कोट घालणारा. कुठलीही दोन टिंबं दाखव त्याला, पट्टी लावून रेघ आभाळापर्यंत नेतो. माइकपाशी आला. आता आमच्याकडे पद्धत आहे, माइकवर आलं की आधी नाव सांगायचं आणि कोणाकडून बोलतो ते सांगायचं. हा काय म्हणाला? “मी कोणाकडून नाही, स्वतःकडून बोलतोय.” हातातल्या फोनवर त्याचा साहेब त्याला वाक्यं पाठवतोय. मला दिसतायत ना, मी पुढच्याच रांगेत. स्वतःकडून म्हणे. सगळेच तसं म्हणतात. मीही म्हणते. किळस येते आताशा म्हणताना.

ऐकतेयस ना? नुसतं हं हं करू नकोस. … कागदाचा आवाज येतोय कसला? … बरं, असू दे.

तर पट्टीवाल्यानं चार आलेख दाखवले. चार वेगवेगळ्या कंपन्यांचे अंदाज, चारही म्हणे स्वतंत्र. चौघांनी आपापल्या रंगात काढलेले. आणि चारहींमध्ये हॉस्पिटलांची रेघ, छोटे, नुसती उड्या मारत वर. पट्टीवाला म्हणतो, बाईंचे आकडे त्यांच्या जागी ठीक आहेत, पण चार स्वतंत्र लोक एकच सांगतायत, तर… आणि असा हात पसरला. अख्खा हॉल माना डोलवायला लागला. माना काय, मानेला स्प्रिंगा लावल्यासारख्या.

अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, तुमच्या अहवालात हे चार जोडून टाका, मग मतदान सोपं जाईल. म्हणजे माझ्याच तोंडून. माझ्या गटाचं नाव वर, आणि खाली ही…

… हो हो, नमस्कार. … नाही सर, घरचा फोन आहे. … बहीण. … हो, आलेच, तुम्ही व्हा पुढे. … नाही नाही, जेवले मी.

… गेला. पट्टीवालाच होता. हातात आइस्क्रीम. मला म्हणतो, बाई, मनावर घेऊ नका, आकडे कुठे पळून जातात. … तू मला सांगतेस शांत राहा? मी शांतच आहे. या बोलण्याला शांतच म्हणतात.

काय म्हणालीस? … साहेब दारात आलेत? मग सांग ना त्यांना, ताईशी बोलतेय, ताई त्याच समितीत आहे. … अगं हो, विचार, तुझा प्रश्न विचारच, पण हे एवढं संपवू दे. मुद्दा पुढेच आहे. नीट ऐक.

मी त्या चार आलेखांकडे बघत बसले होते. रंग वेगळे, अक्षरं वेगळी. आणि मला दिसलं. चारहींमध्ये हॉस्पिटलांची रेघ एकाच वर्षी उडी मारते. एकाच उंचीची उडी. तोपर्यंत आडवी, त्या वर्षी टुणकन वर, आणि मग तिथून पुढे पट्टी. आणि ती उडी मी ओळखते, छोटे. पोटचं पोर ओळखावं तशी ओळखते. ती आमची आहे. तीन वर्षांपूर्वीच्या आमच्याच कच्च्या अहवालातली. चूक होती ती. पुढच्या अहवालात आम्ही सुधारली, वर टीपही घातली. पण कच्ची प्रत आधीच सगळीकडे गेलेली. म्हणजे या चौघांनी आमचीच चूक उचलली, रंग बदलला आणि आम्हालाच परत आणून दाखवली. स्वतंत्र म्हणून. परीक्षेत शेजारच्याचं उतरवताना पोरं त्याचं नावपण उतरवतात ना, तसं.

नाही, बोलले नाही मी. … का म्हणजे? माझ्याच ऑफिसातून मेसेज आला ना तेवढ्यात, त्यांनाही नवा वेग हवाच आहे. “दुपारी हात वर कर.” एवढाच. पुढे एक हसरा चेहरा. मी मूग गिळून बसले. सुट्टी झाली, सगळे जेवायला धावले, मी इथे येऊन भिंतीला टेकून उभी राहिले आणि तुझा फोन आला. सांगितलं ना, शिसारी आलीय. त्यांची आलीच आहे, माझीही आलीय.

थांब. एक मिनिट. तुझ्या त्या विकणाऱ्यानं काही दिलंय का? चकचकीत पुस्तिका वगैरे? … आहे? उघड. … उघड गं, आलेख बघ आत. … मधल्या पानावर? हॉस्पिटलांचा? … कुठला रंग? … जांभळा. पाचवा रंग. बरं, आता रेघेवर बोट ठेव आणि डावीकडून ये. आडवी… आडवी… … हो ना? टुणकन? … आणि पुढे सरळ वर.

म्हणजे ती तिथेही पोचली. … हो, तीच. म्हणजे तुझ्या साहेबांना वाटतंय, बाकी सगळी हॉस्पिटलं उडी मारून पुढे गेली आणि आपलंच मागे राहिलं. बाकी कोणी नाहीये गं. त्या वर्षी हॉस्पिटलांकडून उत्तर एकच आलं होतं. एक. बाकी सगळ्यांनी प्रश्नावली बघितली आणि सोडून दिली. एका हॉस्पिटलवर अख्ख्या जगाची रेघ.

… चूक काय? सांगते ना. उत्तरं आमच्याकडे नावं काढून येतात, वर नुसता क्रमांक, तो नियम आहे, कोणी पाठवलं ते आम्हालाही कळत नाही. त्या हॉस्पिटलानं आकडा व्यवस्थित दिला होता. बिटमध्ये, स्पष्ट. आणि आमच्या गटातल्या एका शहाण्यानं काय ठरवलं, की हॉस्पिटलवाले, त्यांना यातलं काय कळतंय, त्यांना बाइट म्हणायचं असणार. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठानं गुणलं. गुणलं आणि पुढे गेला. ना आम्हाला विचारलं, ना नोंद ठेवली. पुढच्या वर्षी त्याच क्रमांकाचा आकडा आला तेव्हा रेघ तोंडावर पडली, म्हणून मी शोधत बसले आणि मूळ उत्तर बघितलं.

आणि माहितीय, त्यात खाली शेरा लिहिला होता. कोणीतरी बिचाऱ्यानं. आमच्या तक्त्यात शेऱ्याला रकानाच नाही, म्हणून तो कोणी वाचलाच नाही. मला पाठ आहे तो. “हा वेग फक्त नव्या इमारतीत. जुन्या इमारतीत यातलं काहीच पोचत नाही, एक्स-रेचे फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन…” … हो. “जिने चढावे लागतात.” बरोबर. …

तुला कसं माहीत पुढचं?

… छोटे?

… नाही. … नाही, नाही. थांब. … तू? … तुमच्याकडे आली होती ती प्रश्नावली? … आणि तूच भरलीस. … अगं मला कधी बोलली नाहीस? … मी? मी म्हणाले होते? काय म्हणाले? … “असल्या प्रश्नावल्या कोणी वाचत नाही, वेळ घालवू नकोस.” मी असं म्हणाले होते. … शक्य आहे. माझंच वाक्य वाटतं.

तरी भरलीस.

अगं म्हणजे… थांब. म्हणजे तो तुझा आकडा आहे. तुझा, आठानं गुणलेला. आमच्याकडे आला, तिथून त्या चौघांकडे, तिथून त्या पुस्तिकेत, आणि फिरून तुझ्याच टेबलावर आलाय. तुलाच विकायला. तू लिहिलंस की जुन्या इमारतीत काही पोचत नाही, आणि त्याच कागदाच्या जिवावर तुला सांगतायत की जुनी इमारत राहू दे.

ऐक. नीट ऐक. सही करू नकोस. झालं तुझं उत्तर. साहेबांना सांग, समितीतली बाई म्हणतेय, हा आलेख खोटा आहे, सही…

… केलीस?

कधी? … आत्ता? मी बोलत असताना? … तो कागदाचा आवाज. … अगं पण मी सांगतच होते ना, दोन मिनिटं थांब म्हटलं… … हो. … हो. … बोल. … नाही, बरोबर आहे तुझं. तू पहिल्याच वाक्यात विचारलं होतंस, करू की नको. एका शब्दाचं उत्तर होतं. आणि मी तुला पट्टीवाल्याचा कोट सांगत बसले. … बोल गं, चीड, मी काही म्हणत नाही. … लहानपणापासून. हो. शाळेतून आल्यावर आईला तुझी गोष्टसुद्धा मीच सांगायचे. … माहीत आहे मला.

रडू नकोस. नाक पूस आणि सांग, कागद कुठे आहे आत्ता? … साहेबांच्या केबिनमध्ये. साहेबांनी सही केली त्यावर? … विकणारा आत आहे आणि गप्पा चालल्यात. म्हणजे अजून नाही. मग ऊठ. जा तिकडे. … काय सांगायचं म्हणजे, खरं ते सांगायचं. … तुझ्या शब्दावर नाही विश्वास बसणार? आणि माझ्या? … हो, फोनवरची ताई, खरंच, कोण विचारतो. तिकडे छापील पुस्तिका आणि इकडे कोणाची तरी बहीण.

… घंटा झाली बघ. आत बोलावतायत. मतदान.

छोटे, फोन ठेवू नकोस. चालू राहू दे. तू केबिनकडे जा, मी माइककडे जाते. … अगं नाही, मी तुझं नाव नाही घेऊ शकत, उत्तर देणाऱ्याचं नाव फोडायचं नाही, नियम आहे. मी फोडलं तर अहवालच बाद करतील, त्यांना तेवढंच हवंय. … काय करणार? मलाही माहीत नाही. ऑफिसचं? ऑफिसचं बघू नंतर. हसरा चेहरा पाठवतात मेले. … केबिनच्या दाराशी जा तू फक्त. बोलू नकोस… नाही, म्हणजे… जाऊ दे. चल.

… एक्स्क्यूज मी. … जरा जाऊ द्या. … हो, माइककडेच. … हॉलच्या दारापाशी रेंज येते आहे, छोटे. ऐकू येतंय? … माइकही दारापाशीच आहे, नशीब. … नाही सर, मतदानाआधी. मतदानाआधीच बोलायचंय. … हो, बंद करते फोन. बोलून झालं की करते.

… अध्यक्षमहाराज. माझं नाव सगळ्यांना माहीत आहे, अंदाज गटाची प्रमुख. कोणाकडून बोलते ते… स्वतःकडून नाही. ऑफिसकडूनही नाही, ते त्यांना कळेलच आता.

हे चार आलेख माझ्या अहवालाला जोडले जाणार नाहीत. कारण चार नाहीत ते, एकच आहे, आणि तो आपलाच आहे. हॉस्पिटलांच्या रेघेतली ती उडी बघा. चारही ठिकाणी एकच वर्ष, एकच उंची. ती तीन वर्षांपूर्वी याच समितीत झालेली चूक आहे. बिटला बाइट समजून कोणीतरी आठानं गुणलं, कारण हॉस्पिटलातल्या माणसाला बिट कळत असेल असं त्याला वाटलं नाही. … सुधारली होती आपण, सर. टीप होती. टीप कोणी वाचत नाही. …

… पुरावा? … नाही, उत्तर कोणाचं होतं ते मला सांगता येत नाही. नियम मलाही पाठ आहे. … हो, मी सांगू शकत नाही, हे बरोबर. … बसू? … तुम्ही हसा सर, पट्टी लावून हसा. …

मी सांगू शकत नाही. पण जिनं उत्तर दिलं तिच्यावर काही नियम नाही ना? … अध्यक्षमहाराज, विचारतेय मी. आहे का नियम? … नाही. बरं.

… छोटे. आहेस? … कुठे उभी आहेस? … साहेब समोर आहेत? आणि तो? … असू देत. त्यांच्याही समोर होऊन जाऊ दे, स्पीकरवर टाक तुझा. मीही टाकते. … घाबरतेस कशाला, तुझाच आकडा आहे. … फोन माइकला लावलाय मी. अख्खा हॉल ऐकतोय.

आधी नाव सांगायचं असतं, आणि कोणाकडून बोलतेस ते. मग तो शेरा. पूर्ण म्हण, जिन्यांसकट.

हॅलो? … बोल. मी मधे बोलत नाही आता.